गावच्या वाचनालयातली स्कॅन केलेली पुस्तकं : फोल्डर बंद ठेवायचं की उघडायचं?

खाडीपलीकडे
१४ जून, रात्री ९:४०

आमचं गाव गुहागर तालुक्यात, वाचनालय ‘ड’ वर्गातलं. एक खोली, सहा लोखंडी कपाटं आणि मागची जांभ्याची भिंत, जी मिरगापासून दसऱ्यापर्यंत ओलीच असते. चार वर्षांपूर्वी त्या भिंतीलगतचं कपाट उघडलं. खालच्या फळीवरची पुस्तकं दिसायला शाबूत होती, पण उचलली तर पुठ्ठा हातात आणि मातीचा भुगा पायावर. वाळवी आतून सगळं खाऊन गेली होती. त्या दिवशी ३१ पुस्तकं जाळावी लागली. त्यातली काही मी शाळेत असताना वाचलेली होती आणि नंतर कुठेही पाहिलेली नाहीत.

म्हणून पुढचे तीन मे महिने आम्ही चौघांनी उरलेल्या जुन्या पुस्तकांचे फोटो काढले. मोडक्या आरामखुर्चीच्या दांड्या बांधून स्टँड केला, त्यावर मोबाईल, खाली काळी चादर. पान उलटायला बांबूची कामटी, कारण मे महिन्यात बोटांना घाम येतो आणि तो लागला की जुना कागद तिथेच फाटतो. २१२ पुस्तकं झाली. पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये टाकली आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक दिली. मुंबईकरांनी फार उचलून धरलं. रात्री ११ वाजता विरारहून परतणारी माणसं लोकलमध्ये वाचत होती.

मग कोणीतरी ती लिंक एका मोठ्या चॅनेलवर टाकली आणि फेब्रुवारीत एका प्रकाशनाचं रजिस्टर पत्र आलं. ९ पुस्तकांची नावं, १५ दिवसांची मुदत, ‘फौजदारी कारवाई’ हे शब्द ठळक. समिती घाबरली. अध्यक्षांनी त्याच रात्री अख्खं फोल्डर बंद करायला लावलं.

त्या ९ पैकी ४ पुस्तकं आजही दुकानात मिळतात. ती टाकायला नको होती. छापलेलं वर्ष बघून मी ती ‘जुनी’ ठरवली, ही माझी चूक आणि ती मी समितीपुढे कबूल केली. पण बाकीच्या २०३ पुस्तकांचं काय? हिशेब केला तर त्यातल्या ५८ पुस्तकांचे लेखक जाऊन ६० वर्षं उलटली आहेत. म्हणजे ती कायद्यानेच सगळ्यांची आहेत. उरलेली १४५ कुठेही विकत मिळत नाहीत. प्रकाशनं बंद पडली, लेखकांचे वारस कुठे आहेत कोणाला माहीत नाही. त्यांच्यावर कोणी एक रुपया मिळवत नाही, आणि वाचायला द्यायची तर गुन्हा.

मला टोचतं ते हे. आपल्या पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं अशी मुदत होती. त्या हिशेबाने त्यांची पुस्तकं २००१ च्या पहिल्या दिवशी मोकळी व्हायची. झाली २०११ मध्ये. मधली १० वर्षं कुठून आली? रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती, त्यांचे हक्क त्यांनीच स्थापन केलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडून जाऊ नयेत म्हणून आधी अध्यादेश आणि मग १९९२ ची दुरुस्ती आली. एका लेखकासाठी ५० चे ६० झाले आणि देशातल्या प्रत्येक लेखकाच्या पुस्तकावर आणखी १० वर्षं कुलूप बसलं. त्या लेखकांच्या नातवंडांनी ते मागितलं नव्हतं. वाचकांना तर कोणी विचारलंच नाही.

वर्गणीदार १६४ आहेत आमच्याकडे. कायदा बदलतो तेव्हा त्यांच्या बाजूने कोण बसतं? मला या धाग्यावर दोन गोष्टी हव्या आहेत. आज कायद्यात नक्की काय चालतं, आणि काय चालायला हवं. पहिलीचं उत्तर समितीला द्यायचं आहे, दुसरीचं मला स्वतःला.

दर्यावर्दी
१४ जून, रात्री १०:५५

पत्रात ‘पायरसी’ शब्द असेलच. त्या शब्दाचा इतिहास आपल्या दारातला आहे म्हणून लिहितो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठरवलं की या समुद्रात त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना असल्याशिवाय कोणी गलबत हाकायचं नाही. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. शेकडो वर्षं ज्या पाण्यातून आपली माणसं व्यापार करत होती त्या पाण्यावर अचानक कागद आला. पुढे सरखेल कान्होजी आंग्र्यांनी तोच अधिकार आपला म्हणून सांगितला, तर इंग्रजांच्या दप्तरात ते ‘पायरेट’ झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आज अलिबागला त्यांची समाधी आहे आणि आपण त्यांना आरमारप्रमुख म्हणतो.

चाचा कोण हे समुद्र ठरवत नाही, परवाना छापणारा ठरवतो. स्वीडनमध्ये २००६ च्या १ जानेवारीला रिक फाल्कविंग यांनी याच शब्दाला नाव म्हणून उचलून पायरेट पार्टी काढली. त्याच वर्षी ३१ मे रोजी पोलिसांनी ‘पायरेट बे’ या फाइली वाटणाऱ्या साइटचे सर्व्हर उचलून नेले आणि पक्षात तरुणांची रीघ लागली. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत त्यांना ७ टक्क्यांहून जास्त मतं पडली, खासदार निवडून गेले. फाइल पाठवणं हा निवडणुकीचा मुद्दा होऊ शकतो हे तेव्हा दिसलं. आपल्याकडे मतं मागायला दारात आलेल्या कोणाच्याही तोंडून मी हा विषय ऐकलेला नाही.

पुस्तकवाला_रत्नागिरी
१५ जून, सकाळी ७:१०

दर्यावर्दी, आंग्र्यांनी दस्तकं म्हणजे त्यांचे परवाने दिले आणि त्याचे पैसेही घेतले. दस्तक नसलेली जहाजं धरली. म्हणजे ते फुकट समुद्राचे पुरस्कर्ते नव्हते, आपल्या पाण्यावरचा आपला हक्क सांगत होते. मग माझ्या पुस्तकावरचा माझा हक्क मी सांगितला तर मी पोर्तुगीज कसा?

मी २२ वर्षं पुस्तकं विकतो, त्यातली १४ छापतोही. माझी आवृत्ती ५०० प्रतींची. ३०० रुपयांच्या पुस्तकात विक्रेत्याला ३५ ते ४० टक्के, कागद-छपाई-बांधणी ९० रुपयांच्या आसपास, लेखकाला १० टक्के, मग मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, टपाल. आवृत्ती पूर्ण खपली तरच चार पैसे हाती लागतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पहिलं पुस्तक काढलं. नवव्या दिवशी त्याची पीडीएफ मला माझ्याच मेहुण्याने पाठवली, ‘छान आहे, वाच’ म्हणून. त्याला माहीतच नव्हतं की ते मी छापलंय. त्या आवृत्तीच्या २७० प्रती अजून माझ्या माळ्यावर आहेत. बाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं आहे, पण मला दाखवत नाहीत, मला त्रास नको म्हणून.

तुमच्या वाळवीचं मला वाईट वाटतं. पण लिंक एकदा बाहेर पडली की तिला तुमच्या गावची वेस राहत नाही. तुमचा हेतू जतनाचा, पण पुढे पाठवणाऱ्याचा तो नसतो.

खाडीपलीकडे
१५ जून, सकाळी ८:०२

दादा, शिक्षिकाबाईंच्या पुस्तकाचं वाचून खरंच वाईट वाटलं. त्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणाऱ्याच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही. नाव कळवा, वाचनालयासाठी दोन प्रती घेतो.

पण तुमच्या माळ्यावरच्या २७० प्रती आणि आमच्या कपाटातलं शेवटचं एक पुस्तक, दोन्हींना एकच कलम लागतं, हेच माझं दुखणं आहे.

कपाटातली_कसर
१५ जून, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली. वकील कोणी आहेत का इथे?

काळा_कोट
१५ जून, रात्री ११:२०

आहे. चिपळूणला वकिली करतो, बहुतेक जमिनीची प्रकरणं, पण हा कायदा आवडीने वाचला आहे. समितीसाठी सरळ लिहितो.

जतनासाठी स्कॅन करणं गुन्हा नाही. कलम ५२ मध्ये २०१२ साली तरतूद आली की नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर त्याला जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. आणखी एक जुनी तरतूद आहे. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या ३ पर्यंत प्रती ग्रंथपालाच्या देखरेखीखाली ग्रंथालयाच्या वापरासाठी करता येतात. म्हणजे तुमचे तीन मे महिने कायद्याच्या आत आहेत. बाहेर गेली ती लिंक.

५८ पुस्तकांबद्दल शंकाच नको. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. १९६५ साली गेलेल्यांचं लेखन २०२६ च्या १ जानेवारीला मोकळं झालं. फक्त नंतरच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा, नवं मुखपृष्ठ यांची मुदत वेगळी असते, ती पानं काढून टाका. अनुवाद असेल तर अनुवादकाचं मृत्यूवर्षही बघा.

१४५ ची गोष्ट अवघड. हक्कदार सापडत नसेल तर कलम ३१-अ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. आधी तो अप्रकाशित लेखनापुरता होता, २०१२ पासून प्रकाशित पुस्तकांनाही लागू आहे. पण अर्ज करण्याआधी काय करावं लागतं बघा. देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मूळ पुस्तक मराठी, लेखक मराठी, वारस असलेच तर दापोलीत नाहीतर डोंबिवलीत, आणि त्यांना शोधायचं इंग्रजी पेपरात. मराठी पेपरात जाहिरात लागते ती मराठीत अनुवाद काढायचा असेल तर. हा अर्ज आधी ज्या अपील मंडळाकडे जायचा ते २०२१ मध्ये रद्द झालं आणि काम न्यायालयांकडे गेलं. एका पुस्तकाच्या जाहिरातीच्या खर्चात तुमच्या वाचनालयाची सगळी कपाटं नवी होतील.

शिक्षेचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण समिती उगाच घाबरलेली नाही. कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलं. धंदा म्हणून केलं नसेल तर न्यायाधीश कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतात, पण ते शेवटी. आधी पोलीस पाटलाच्या घरून निरोप येणार.

आता एक काम करा. त्या प्रकाशनाला नम्रपणे लिहा की ९ पुस्तकांचे हक्क तुमच्याकडे आल्याचे लेखी करार दाखवा. हक्क मुळात लेखकाचा. तो दुसऱ्याकडे जायचा तर लेखी आणि सहीनिशी, असं कलम १९ सांगतं. आपल्याकडची कितीतरी जुनी पुस्तकं चहाच्या टेबलावर, शब्दावर छापली गेली आहेत.

पेटीमास्तर
१६ जून, दुपारी ३:१५

मी दशावतारात पेटी वाजवतंय, कुडाळ बाजूचो. मालवणीत लिवतंय, समजून घेवा.

आमी रातभर उभे रवतंव. नाटकाक लिवलेली संहिता नाय. आख्यान ठरता, मगे रंगमंचार जा सुचता ता बोलाचा. पयल्या रांगेतलो पोरगो मोबाईल काढता आणि पहाटेपर्यंत सगळा लायव घालता. फुडच्या गावात जत्रेक गेलंव की लोक सांगतत, ह्या आमी बगलेला असा. दोन मिनटां घाला, माका आनंद असा. गावाबाहेरच्या पोरांका आमचो राजा दिसतलो. पण सगळी रात घालतत, तेचा काय?

हां, आणि हेच्या उलट पण झाला. मंडळान स्वतः एक नाटक व्हिडिओच्या साइटीर घातल्यान. चार दिवसांनी सूचना इली की हेतला संगीत दुसऱ्या कंपनीचा असा, जाहिरातीचे पैसे तेंका जातले. मी वाजवलेला पद शंभर वर्षांमागचा, माज्या गुरुजींनी माका शिकवलेला. हात माजे, पेटी माजी. मशीनान सूर ऐकल्यान आणि ठरवल्यान की ह्या तुजा न्हय. तक्रार केलंव. तीन महिन्यांनी एका वाक्याचा उत्तर इला, दावा कायम असा म्हणून. कोणाक भेटाचा, खयं जावचा, काय एक कळाक नाय.

काळा_कोट
१६ जून, सायंकाळी ६:४०

मास्तर, १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःचा हक्क मिळाला आहे. त्याची मुदत आधी २५ वर्षं होती, १९९९ च्या दुरुस्तीपासून सादरीकरणानंतर ५० वर्षं. कायद्यातल्या ‘कलाकार’ शब्दाच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, डोंबारी, जादूगार आणि गारुडीही नावानिशी आहेत. दशावतारी त्यात आपोआप बसतो. स्वतःला बघण्यासाठी किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी कोणी रेकॉर्ड केलं तर चालतं, परवानगीशिवाय जगाला दाखवलं तर नाही. मंडळाने जत्रेच्या ठिकाणी पाटी लावावी आणि सुपारी घेतानाच देवस्थान समितीच्या कागदावर ते लिहून घ्यावं.

मशीनच्या दाव्याबद्दल मला जास्त राग आहे. कायद्यात निदान न्यायाधीश असतो, बाजू मांडायला तारीख मिळते. इथे दावा करणारा आणि निकाल देणारा एकाच खिडकीत बसलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वीची चाल सगळ्यांची झालेली असू शकते हे त्या यंत्राला माहीत नाही, त्याला फक्त सूर जुळलेला कळतो. हा कायदा कोणत्याही सभागृहात चर्चेला आला नाही आणि तरी तो कुडाळच्या पेटीवर चालतो.

तुरेवाला
१६ जून, रात्री ८:२५

आमच्या जाखडी नाचगाण्यात याची वेगळी रीत आहे. शक्तीवाले असोत वा तुरेवाले, या दोन्ही परंपरांत कवन दुसऱ्या शाहिराचं असलं तरी गाता येतं, पण शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव, घराण्याचं नाव यायलाच हवं. नाव गाळून गायलास तर समोरची पार्टी भर मंडपात विचारते. मी सोळा वर्षांचा असताना एकदा गाळलं होतं. वडिलांनी त्या शाहिरांच्या घरी नारळ घेऊन पाठवलं.

पैसे कोणी मागितले नाहीत. नाव मागितलं. पीडीएफ फिरवणारे पहिलं पान कापून त्यावर आपल्या चॅनेलचा शिक्का मारतात, त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

भरती_ओहोटी
१७ जून, सकाळी १०:१०

मी खाडीतल्या शिंपल्यांवर काम करते. कालवं, तिसऱ्या, मुळे. ज्या तिसऱ्या आमच्या बंदरावरच्या बायका ओहोटीला गोळा करतात, त्यांच्यावरचा संशोधन-निबंध वाचायला मला ३० ते ४० डॉलर मोजावे लागतात. नमुने आपल्या खाडीतले, काम सरकारी पैशावर झालेलं, लिहिणाऱ्याला मानधन शून्य, तपासणाऱ्यालाही शून्य. कुंपण प्रकाशकाचं.

सरकारने २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू केलं, ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या मैत्रिणींना त्याचा खूप उपयोग होतो. आमचं कॉलेज विनाअनुदानित, त्यामुळे यादीत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने साय-हब ही निबंध फुकट देणारी साइट भारतात बंद झाली आणि आमच्यासारख्यांचं मागचं दारही गेलं. आता मी लेखकांना मेल करते. दहातले सात जण त्याच दिवशी निबंध पाठवतात, वर आभार मानतात की कोणीतरी वाचतंय.

धागाकर्त्यांनी विचारलं की वाचकांच्या बाजूने कोण बसतं. एकदा वाचक स्वतः जाऊन बसले होते. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे संच ते विद्यार्थ्यांना झेरॉक्स करून देत होते. विद्यार्थ्यांनी संघटना बांधली आणि कोर्टाला सांगितलं की आम्हालाही पक्षकार करा, कारण या दुकानाच्या काउंटरच्या या बाजूला आम्ही उभे आहोत. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती एंडलॉ यांनी निकाल दिला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, ज्ञान वाढावं म्हणून समाजाने घातलेली ती व्यवस्था आहे, हा त्याचा गाभा. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिकवण्यासाठीच्या झेरॉक्सची बाजू उचलून धरली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. मी तेव्हा एमएस्सीला होते. निकालाचं पहिलं पान आम्ही झेरॉक्सच्या दुकानातच छापून भिंतीला लावलं होतं.

ऐकणारा
१७ जून, रात्री ९:५०

मला दिसत नाही. मोबाईल मला वाचून दाखवतो, त्याच्याच मदतीने हे लिहितो आहे.

खाडीपलीकडे, तुमच्या २१२ पीडीएफ मला आजच्या स्थितीत निरुपयोगी आहेत, कारण ती चित्रं आहेत, अक्षरं नाहीत. यंत्र ‘इमेज’ म्हणतं आणि गप्प बसतं. पण तीच पानं ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेऊन, कोणी तपासली तर मला ऐकता येतील, आणि तिथे कायदा पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. दृष्टिहीनांना वाचता येईल अशा स्वरूपात कोणतंही पुस्तक करायला आणि ते आम्हाला द्यायला २०१२ पासून हक्कदाराची परवानगी लागत नाही. नफा घ्यायचा नाही आणि ते इतरांच्या हाती जाणार नाही याची काळजी घ्यायची, एवढ्याच अटी. २०१३ च्या माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. हे आयतं मिळालं नाही. अंध संघटनांनी वर्षानुवर्षं दिल्लीत खेटे घातले, समित्यांसमोर पुस्तक हातात धरून सांगितलं की हे आमच्यासाठी कोरं आहे.

जुन्या मराठी छपाईत जोडाक्षरं यंत्राला नीट कळत नाहीत. ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘श्व’ आणि ‘श्र्व’. माणसानेच तपासावं लागतं. लहानपणी आई चुलीजवळ बसून मला वाचून दाखवायची, तिला हात मोकळे मिळतील तेवढीच पानं. आज मी स्वतः रात्रभर ऐकू शकतो. तुमच्याकडे कोणत्या विषयांची पुस्तकं आहेत?

पुस्तकवाला_रत्नागिरी
१८ जून, सकाळी ६:५५

रात्री सगळा धागा परत वाचला.

माझं मत शिक्षिकाबाईंच्या पुस्तकाबद्दल तसूभरही बदललेलं नाही. पण एक गोष्ट मान्य करतो. मुदत वाढली तेव्हा त्याचा फायदा माझ्यासारख्याला झाला नाही. माझ्याकडे ज्या लेखकांचे हक्क आहेत ते सगळे हयात आहेत किंवा नुकते गेलेले. मेल्यानंतर ५५ व्या वर्षी खपणारी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि त्यांच्यासाठी बाकीची हजारो कुलपात पडतात. मला माझ्या आवृत्तीच्या पहिल्या ५ वर्षांचं संरक्षण हवं आहे, आणि तेच मिळत नाही. त्या चॅनेलविरुद्ध मी अर्ज दिला होता. त्याचा साधा पोचकागदही मिळाला नाही. कायद्याचा धाक तुमच्या समितीला बसला, त्या चॅनेलवाल्याला नाही.

२०१२ ची दुरुस्ती मला आठवते ती यासाठी. गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टीतला अर्धा वाटा सही करून देऊ नये, दिला तरी तो कायद्याने त्यांच्याकडेच राहावा, यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत उभे राहिले. म्हणजे कायदा कंपनीच्या बाजूने झुकलेला असतो तसा लिहिणाऱ्याच्या बाजूनेही झुकवता येतो. वाचनालयांच्या बाजूनेही झुकवता यावा.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पेशवाई बुडून १० वर्षं झाली होती तेव्हा इथे लोक एकत्र येऊन वाचत होते. वाचनालय आणि पुस्तकवाला हे एकमेकांचे शत्रू कधीच नव्हते. माझं पहिलं गिऱ्हाईक वाचनालयच होतं.

तुमच्या १४५ पुस्तकांची यादी इथे टाका. प्रकाशन-व्यवसायातले जुने लोक मला माहीत आहेत. कोणाचे वारस कुठे आहेत ते विचारतो.

दर्यावर्दी
१८ जून, सकाळी ९:१५

पुस्तकवाला, आंग्र्यांच्या दस्तकाबद्दल तुम्ही बरोबर आहात. माझी उपमा अर्धी होती. परवाना असावा की नसावा हा प्रश्न नाही, तो कोण देतं आणि किती काळासाठी, हा आहे.

अवांतर: १८४१ साली ब्रिटिश संसदेत मृत्यूनंतर ६० वर्षांच्या मुदतीचा प्रस्ताव आला होता. मेकॉलेने त्याला विरोध केला. कॉपीराइट हा लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकावर बसवलेला कर आहे, गरजेपुरताच असावा, असं त्याचं म्हणणं होतं. शिक्षणाच्या बाबतीत त्याने आपलं काय केलं ते आपण जाणतो, पण हे भाषण मुळातून वाचण्यासारखं आहे. त्याने ज्या ६० वर्षांना नाही म्हटलं तीच आज आपल्या कायद्यात आहेत.

खाडीपलीकडे
९ जुलै, रात्री १०:३०

मधे पाऊस आणि लावणी, म्हणून उशीर झाला. काय झालं ते सांगतो.

काळा_कोट यांनी सांगितल्याप्रमाणे प्रकाशनाला पत्र लिहिलं. ४ पुस्तकांचे करार त्यांनी लगेच पाठवले. ती आम्ही काढली होतीच, तसं लेखी कळवलं. उरलेल्या ५ बद्दल अजून उत्तर नाही.

समितीची बैठक भर पावसात झाली. मी हा धागा छापून नेला होता, अध्यक्षांनी चष्मा लावून सगळा वाचला, पेटीमास्तरांचा मजकूर मोठ्याने. ठराव असा झाला: ५८ पुस्तकं आजपासून सगळ्यांना उघडी, प्रत्येकापुढे लेखकाचं मृत्यूवर्ष. बाकीची जतन म्हणून वाचनालयाच्या संगणकावर, लिंक नाही. ज्याला वाचायची त्याने खोलीत येऊन वाचावी. तुरेवाला यांच्या म्हणण्यावरून प्रत्येक फाइलचं पहिलं पान जसं छापलं होतं तसंच ठेवलं आहे, त्यावर आमचा शिक्काही नाही. ऐकणारा यांच्यासाठी दहावीच्या दोन मुली रोज संध्याकाळी ओसीआर तपासतात. त्यांना ‘ध्द’ दिसला की ओरडतात.

आणि पुस्तकवाला दादांमुळे एक गोष्ट घडली. १४५ च्या यादीत आमच्याच तालुक्यातल्या एका मास्तरांचं पुस्तक आहे, खोती जाऊन कुळांच्या नावावर जमिनी झाल्या त्या काळाच्या आठवणी. मास्तर १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ च्या डिसेंबरपर्यंत पुस्तक बंद. दादांनी जुन्या छापखान्यातल्या माणसाकडून मास्तरांच्या नातवाचा पत्ता काढला. मी फोन केला. मला वाटलं ते चिडतील. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आजोबांनी पुस्तक लिहिलं होतं हे ऐकून आहे. आमच्याकडे एकही प्रत नाही. तुम्ही मला पाठवाल का?”

कायद्याने त्यांना हक्क दिला होता, पुस्तक नव्हतं. त्यांच्या मालकीची वस्तू त्यांना द्यायला मला त्यांचीच परवानगी घ्यावी लागली. त्यांनी आणि त्यांच्या दोन्ही चुलत बहिणींनी रेघांच्या कागदावर सह्या करून ती पाठवली आहे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, ओल्या भिंतीपासून लांब.

आता मदत हवी आहे. आमच्या प्रतीत पान ४९ ते ५६ वाळवीने खाल्लेली आहेत, नेमकी खोताविरुद्ध गावाने केलेल्या पहिल्या बैठकीची. नातवाला मी ते सांगितलं, तर म्हणाले बाकीचं तरी पाठवा. पुस्तकाचं नाव यादीत ८७ व्या क्रमांकावर आहे. पुठ्ठा निळा, पाठीला खादीची पट्टी, आकार वहीएवढा. दापोली, खेड, चिपळूणकडच्या कोणाच्या घरी, शाळेत, पोटमाळ्यावरच्या पेटीत असेल तर फक्त त्या आठ पानांचे फोटो काढा. पानाला बोट लावू नका, कामटीने उलटा.